आमच्या बाजूने ओके आहे

नवा राउटर घ्यायचा म्हटलं की वरसे गावात सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. धाटावच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल खात्यात उभी नोकरी केलेले शेजारचे काका म्हणतात, "आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या, बाकीचं नंतर." पुण्याला आयटीत असलेला भाचा म्हणतो, "मामा, वायफाय सिक्सच्या खालचा घेऊच नकोस." रोह्याच्या बाजारपेठेतला दुकानदार अँटेनांवरून भाव सांगतो : दोनवाला, चारवाला, सहावाला. सहावाल्याकडे नुसतं पाहिलं तरी तो गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देतो. घरातून आलेली अट एकच असते : पांढरा नको, धूळ दिसते. आणि ज्याच्या हातात शेवटी सगळं असतं तो नेटवाला पोरगा खांद्यावरची शिडी उतरवता उतरवता म्हणतो, "कुठलापण घ्या काका. फक्त आमच्या लाइनला चालला पाहिजे."

आता हे 'फक्त' कुठे लिहिलेलं असतं? राउटरच्या खोक्यावर तर नसतंच. खोक्यावर आकडे असतात. 'एसी १२००' असं ठसठशीत छापलेलं असतं आणि माणूस समजतो की वेग बाराशे. प्रत्यक्षात ती बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तीनशे आणि ५ गिगाहर्ट्झवर आठशे सदुसष्ट, म्हणजे साधारण बाराशे. एक मोबाईल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज घरात कुणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय यातल्या स्वस्त डब्यांच्या मागची वायर घुसवायची भोकं बऱ्याचदा शंभर एमबीपीएसचीच असतात. म्हणजे दोनशेचा प्लॅन घ्या की तीनशेचा, दारातून आत शंभरच येणार. दुकानदाराला हे ठाऊक असतं. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा धंद्याचा नियम त्याने वडिलांकडून घेतलेला असतो.

मूळ घोळ असा की मोडेम आणि राउटर ही दोन वेगळी कामं आहेत, हेच आपण विसरलो. रोह्याचं उदाहरण घ्या. रोहा स्टेशनात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही. रूळ तेच, डबा तोच, शेजारच्या काकूंचा डब्यातला चिवडाही तोच. पण गाडी रखडली की या हद्दीला एकदम अर्थ येतो, कारण उशीर कुणाच्या खात्यावर मांडायचा हे तिथे ठरतं. मोडेम म्हणजे बाहेरून आलेल्या लाइनशी तिच्या भाषेत बोलणारा, आणि राउटर म्हणजे आत आलेलं नेट घरातल्या मोबाईल, टीव्ही, लॅपटॉपमध्ये वाटणारा. हल्ली दोघं एकाच प्लास्टिकच्या डब्यात राहतात आणि आपण दोघांनाही 'वायफाय' म्हणतो. नेट चालू असेतो काही बिघडत नाही. बंद पडलं की फोनवरची मुलगी मधाळ आवाजात सांगते, "सर, आमच्या बाजूने ओके आहे." आपली बाजू नेमकी कुठून सुरू होते, ते सांगायच्या आत ती दुसरी काही मदत हवी का म्हणून विचारते.

तांब्याच्या तारेच्या काळात ही हद्द निदान डोळ्यांना दिसायची. भारत सरकारने २००४ साली ब्रॉडबँडचं धोरण आणलं आणि २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरवलं. आजच्या पोरांना तो आकडा सांगितला तर त्यांना ती शिक्षा वाटेल. (पुढे ही व्याख्या ५१२ केबीपीएसवर गेली आणि २०२३ च्या जानेवारीत एकदम २ एमबीपीएसवर.) २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने 'डेटावन' या नावाने सेवा सुरू केली आणि हळूहळू ०२१९४ ने सुरू होणाऱ्या घरच्या फोनच्या शेजारी एक नवा पाहुणा येऊन बसला. भिंतीतून आलेली तार आधी स्प्लिटर नावाच्या इवल्या डबीत शिरायची. तिथून एक फाटा फोनला, एक मोडेमला. डबी लावायची राहिली तर फोनवर आत्याच्या आवाजामागे सतत कुणीतरी भजी तळत असल्याचा आवाज यायचा.

तेव्हा 'चालेल का' या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. डब्याच्या मागे टेलिफोनची बारीक पिन घुसते का, एवढंच बघायचं. घुसली तर मोडेम, नाही घुसली तर नुसता राउटर. पण हे सोपं उत्तर आमच्या आळीतल्या एका सद्गृहस्थांपर्यंत वेळेवर पोहोचलं नाही. त्यांच्या चिरंजीवांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून एक देखणा राउटर आणला. त्याला मागे पाच भोकं होती आणि पाचही जाड पिनेची. टेलिफोनची बारीक पिन त्या भोकात घातली की खुळखुळायची. तो राउटर बरेच दिवस टीव्हीवर नुसता ठेवलेला होता. नेटची वायर कशालाच नव्हती, पण दिवे लागायचे, आणि पाहुण्यांना दिव्यांशी मतलब.

मुंबईहून आणलेला मोडेम पिनेला बसला तरी तो चालेलच असंही नव्हतं. मोडेमला पलीकडच्या एक्स्चेंजशी बोलायला दोन आकडे लागायचे. बीएसएनएलच्या राज्यात ते शून्य आणि पस्तीस होते, मुंबईत एमटीएनएलच्या राज्यात शून्य आणि बत्तीस. तेवढा तीनाचा फरक! दादरला वर्षभर सुरळीत चाललेला मोडेम सुट्टीत रोह्याला यायचा, सगळे दिवे हिरवे दाखवायचा आणि नेट मात्र शून्य. मग कुणीतरी जाणकार येऊन बत्तीसचे पस्तीस करायचा आणि चहा पिऊन जायचा. 'शून्य-पस्तीस' माहीत असलेल्या माणसाला त्या काळी गावात मान होता. त्या आकड्यांचा अर्थ त्यालाही ठाऊक नसायचा, पण तो कुणी विचारलाही नाही.

मृगाच्या पहिल्या गडगडाटाबरोबर मोडेम जायचे, ही कोकणातली आणखी एक रीत. वीज दूर कुठे पडली तरी तांब्याच्या लांबलचक तारेत झटका यायचा आणि तो थेट दिवाणखान्यात पोहोचायचा. आकाशात पहिली रेघ चमकली की घराघरातून एकच हाक उठायची : "मोडेमची पिन काढ!" टीव्हीची नंतर, फ्रिजची त्याहून नंतर. तार जितकी लांब तितका वेगही कमी. एक्स्चेंजच्या भिंतीला टेकून राहणाऱ्याला चोवीस एमबीपीएसची स्वप्नं परवडत, चार-पाच किलोमीटरवरच्याला पत्र पाठवलेलं बरं पडायचं.

मग फायबर आलं आणि हद्द दिसेनाशी झाली. केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश. तो प्रकाशही डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड. एक्स्चेंजकडून घराकडे १४९० नॅनोमीटरचा येतो, घरातून परत १३१० चा जातो, आणि एकाच काचेतून दोघं एकमेकांच्या अंगावर न पडता ये-जा करतात. मुंबई-गोवा महामार्गावर इतकी वर्षं काढलेल्या आम्हा लोकांना याचं कौतुक वाटणारच.

खरी गंमत पुढे आहे. एक्स्चेंजमधून निघालेली ही काच प्रत्येक घरासाठी वेगळी नसते. वाटेत एका डबीत तिचे फाटे फुटतात, बत्तीस किंवा चौसष्ट घरांसाठी. वरून येणारा प्रकाश या सगळ्या घरांत सारखाच पोहोचतो. प्रत्येक घरातला डबा त्यातलं आपल्या नावाचं तेवढं उचलतो, बाकी सोडून देतो. उलट दिशेने बोलायचं तर प्रत्येक डब्याला पलीकडचं यंत्र वेळ नेमून देतं, आणि त्या सूक्ष्म क्षणातच त्याने आपला दिवा लावायचा. बत्तीस घरांनी आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचं, हे ग्रामसभेत आजवर कुणालाही साधलेलं नाही, ते इथे सेकंदाला हजारो वेळा घडतं. पण एखादा डबा बिघडला आणि पाळी नसताना बोलत सुटला, तर आळीतल्या सगळ्यांचं नेट जातं. कुणाच्या घरात बिघाड आहे ते शोधायला मग त्या पोराला एकेक फाटा काढून बघावा लागतो.

एवढं कळलं की कंपनी वाटेल तो डबा लाइनला लावू का देत नाही, हेही कळतं. आपण खिशातले पैसे टाकून फायबरचा उत्तम डबा आणू. त्याच्या पोटात एक सिरियल नंबर असतो. तो नंबर पलीकडच्या यंत्रात नोंदवलेला नसेल, तर ते यंत्र त्याला ओळख दाखवत नाही. डबा विकत मिळतो, ही नोंद मिळत नाही. त्यातही दोन घराणी : जीपॉन आणि ईपॉन. मोठ्या कंपन्या बहुधा जीपॉनवाल्या, आणि गावोगावचे केबलवाले पुष्कळदा ईपॉनवाले, कारण त्याचं सामान स्वस्त. एकाचा डबा दुसऱ्याच्या लाइनला लावला तर लाल दिवा मिचमिचत राहतो. 'एक्सपॉन' लिहिलेला डबा दोन्हीकडे चालतो म्हणतात. चालतोही. पण दोन्हीकडे चालणाऱ्यांना दोन्हीकडे नोंद करून घ्यावीच लागते, ते काही सुटत नाही.

पिनेचेही रंग असतात. हिरव्या पिनेचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं, निळ्या पिनेचं तसं नसतं. हिरवी निळ्यात बसते, अगदी 'टक्' असा समाधानाचा आवाज करून बसते, आणि आत प्रकाश सांडून जातो. तो पोरगा मग खिशातून छोटं मीटर काढतो, पिन त्यात घालतो आणि जाहीर करतो, "मायनस एकोणीस. मस्त आहे!" आमच्या आईला हे 'मायनस' आणि 'मस्त' एका श्वासात आलेलं पटत नाही. बँकेच्या पासबुकात असं काही दिसलं असतं तर तिने उपास धरला असता. मायनस सत्तावीसच्या खाली गेलं की डब्याला दिसेनासं होतं, हे तिला समजावताना तो म्हणाला, "आजी, चष्म्याचा नंबर कसा वाढतो, तसं." तेवढ्यावर तिने ते मान्य केलं आणि त्याला पोह्याचा पापड दिला.

म्हणून माझं मत विचाराल तर लाइनच्या बाजूचा डबा कंपनीचाच राहू द्यावा. त्याच्याशी भांडण मांडू नये. त्याच्या मागे आपल्या पैशाने साधा, दोन पट्ट्यांचा राउटर लावावा आणि त्याच्या मागची भोकं गिगाबिटची आहेत का एवढं दुकानात पाठमोरा करून बघावं. अँटेना मोजू नयेत. लाइनशी जुळवायचं काम कंपनीने करून दिलेलं असतं. आपल्याला जुळवायचं असतं ते घराशी, आणि ते जास्त अवघड.

आमच्याकडची जुनी घरं दीड-दोन फुटांच्या भिंतींची. त्या बांधणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पाऊस होता, वारा होता, चोर होता, वायफाय नव्हतं. ५ गिगाहर्ट्झचा वेग चांगला, पण अशा भिंतीपुढे तो दम टाकतो. २.४ चा हळू चालतो पण दोन खोल्या ओलांडतो. मात्र त्या पट्ट्यावर एकमेकांना न घासणारे मार्ग तीनच, एक, सहा आणि अकरा, आणि आळीतल्या सगळ्या घरांचे राउटर त्या तिघांवरच दाटीवाटीने बसलेले. मागे पडवीवर पत्रा टाकलेला असला तर पत्रा ते सगळं परतवून लावतो. त्यात डबा ठेवायची जागा कोण ठरवतं? जिथून वायर आत येते ती खिडकी. ती खिडकी बहुधा पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, लग्नात मिळालेल्या पितळी समईच्या शेजारी. अभ्यास करणारा मुलगा मागच्या खोलीत, निवृत्त माणूस माडीवर. सगळ्यात कडक रेंज मिळते ती समईला.

घराशी जुळवण्यात माणसंही आली. एरवी चार-पाच मोबाईल सांभाळणाऱ्या राउटरची परीक्षा गौरी-गणपतीला होते. मुंबई, पनवेल, बोईसर, पुणे, सगळीकडून मंडळी उतरतात आणि पायावर पाणी घ्यायच्या आत पोरं विचारतात, "आत्या, पासवर्ड?" मग आरती. ती दुबईतल्या भावाला थेट दाखवायची असते. तांब्याच्या जमान्यात हे जमायचं नाही, कारण त्या लाइनवर खाली यायला जेवढी वाट तेवढी वर जायला नसायची. दुबईला गणपतीऐवजी चौकोनी ठिगळांचा एक पुंजका दिसायचा आणि भाऊही बिचारा त्याला भक्तिभावाने हात जोडायचा. फायबरवर हा त्रास गेला. पण नेमका त्याच दिवशी डबा अडकला तर येणार कोण? त्या पोराच्या घरीही गणपती असतो.

पासवर्ड मात्र हसण्यावारी नेऊ नये. मोडेमच्या आतल्या सेटिंगला शिरायचं नाव अॅडमिन आणि पासवर्डही अॅडमिन, हे वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं असायचं. २०१७ च्या जुलैत एका दुष्ट प्रोग्रॅमने नेमके असेच मोडेम शोधून बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचं नेट बंद पाडलं होतं. आपल्या डब्यात जपण्यासारखं काय आहे, असं वाटणाऱ्यांनीच तेव्हा पासवर्ड बदलले.

आणि वीज. कितीही जुळलेला राउटर बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर जगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्याला धडकलं आणि रायगड जिल्ह्यातले विजेचे खांब शेतात आडवे झाले. कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात होती. टाळेबंदीमुळे शहरातली नोकरी गावच्या माडीवर आणलेली मुलं मोबाईल हातात घेऊन रेंज शोधत टेकाडं चढत होती. तेव्हापासून राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस घेण्याची पद्धत पडली. तोही जुळवून घ्यावा लागतो. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर कमी नकोत आणि पिन त्याच जाडीची हवी. हे सगळं जुळलं की घरात दिवा नसतो, पंखा नसतो, पण नेट असतं, आणि घामाघूम माणसं अंधारात एकमेकांना मेसेज पाठवतात : लाइट आली का? काचेतून झटका येत नाही, पण अडॅप्टरमधून येतोच, हे मागच्या पावसात एकदा सिद्ध झालं. शेजारच्या काकांनी "अर्थिंग" एवढा एकच शब्द उच्चारला आणि ते परत पेपर वाचू लागले.

या सगळ्याचं तात्पर्य भाच्याला पटत नाही. माझं म्हणणं असं, की डबा असा घ्यावा जो बिघडल्यावर शिडी घेऊन येणाऱ्याला ओळखीचा असेल. तो म्हणतो, हा काय निकष आहे? त्याच्या पुण्यात तासाभरात दुसरा माणूस येतो. इथे तोच पोरगा कोलाडपर्यंत फिरतो, आणि त्याने न पाहिलेला डबा समोर आला तर तो अतिशय नम्रपणे "आमच्या बाजूने ओके आहे" म्हणून निघून जातो. त्याचं चूक नाही. त्याच्या कंपनीने त्याला त्या डब्याचा पगार दिलेला नाही.

परवा तो आला. फायबर कपाटामागे दाबली जाऊन मुडपली होती. कपाट अंगठाभर पुढे सरकवलं आणि लाल दिवा हिरवा झाला. नेट सुरू झालं, पण तक्रार बंद होईना. त्यासाठी माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपी त्याच्या अॅपमध्ये घालावा लागतो, आणि आमच्या भिंतींत मोबाईलची रेंज नाही. दोघं अंगणात आलो, तिथून रस्त्यावर, तिथून वळणावरच्या खांबापाशी. मोबाईल वर धरून उभ्या उभ्या मी विचारलं, "तुझ्या घरी कुठला राउटर आहे रे?"

"आमच्या वाडीत लाइन नाय आली अजून. पोल आलेत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "काका, सहा अँटेनावाला घेतलात तर तुमचा तो जुना टाकू नका. मला द्या."

"अरे, तो तांब्याच्या लाइनचा आहे. फोनची बारीक पिन लागते त्याला. फायबरला नाही चालायचा."

"तसा नाय चालत. पण लॅनच्या भोकात लॅन लावायची, आतलं डीएचसीपी बंद करायचं. मागच्या खोलीत वायफाय पोचवायला चालतो मस्त."

मी त्याच्याकडे बघत असतानाच ओटीपी आला. त्याची मुदत तेवढ्यात संपलेली होती.